परीक्षा न घेता

साताऱ्याच्या बाजूला ‘डॉक्टर भाऊराव पाटील’ असं कुणी म्हणत नाही. कर्मवीर म्हणतात, अण्णा म्हणतात. रयतच्या वसतिगृहात राहून शिकलेला आणि पुढे मोठा साहेब झालेला माणूससुद्धा त्यांच्या तसबिरीसमोर उभा राहिला की ‘अण्णा’च म्हणतो. खरं तर त्यांच्या नावाआधी ‘डॉक्टर’ लावायला विद्यापीठाची मोहोर होती. पुणे विद्यापीठाने १९५९ च्या एप्रिलमध्ये त्यांना डी.लिट. दिली आणि ९ मे रोजी ते गेले. ती पदवी त्यांच्या हयातीत जेमतेम महिनाभर राहिली.

भाऊराव मॅट्रिक झालेले नव्हते. १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावात त्यांनी रयत शिक्षण संस्थेची सुरुवात केली, १९२४ मध्ये ती साताऱ्याला आणली. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवायला बसवली, वसतिगृहात धान्य नव्हतं तेव्हा पत्नी लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्रही त्या चुलीसाठी गेलं. आणि हे सगळं होऊन गेल्यावर, १९४९ मध्ये जन्मलेल्या, अवघ्या दहा वर्षांच्या एका विद्यापीठाने त्यांना पदवी दिली. त्या पदवीने अण्णांच्या मोठेपणात काही भर पडली असं मला वाटत नाही. भर पडली ती विद्यापीठाच्या मोठेपणात. शाळा न संपवलेला एक माणूस आपल्या सगळ्या पदवीधरांच्या ओळीत, किंबहुना पुढे, बसण्याच्या योग्यतेचा आहे, हे त्या विद्यापीठाला ओळखता आलं. मानद पदवीत खरी परीक्षा होते ती देणाऱ्याची. हा सगळा लेख मी त्या एका गोष्टीपायी लिहितो आहे.

ही पदवी दिली कशी जाते, ते आधी पाहू. दरवर्षी पदवीदान समारंभाचे फोटो छापून येतात, पण त्यामागची वाट फार थोड्यांना ठाऊक असते.

महाराष्ट्रातल्या अकृषी विद्यापीठांना आज २०१६ चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा लागू आहे. नाव सुचवायला कुणालाच मनाई नाही. कुणी प्राध्यापक सुचवतो, कुणी माजी विद्यार्थी, कधी एखादी संस्था ठराव करून पाठवते. पण सुचवलेलं नाव व्यवस्थापन परिषदेच्या टेबलावर यायच्या आधी कुलगुरूंनी कुलपतींची, म्हणजे राज्यपालांची, पूर्वमान्यता घ्यायची असते. ती नसेल तर परिषदेने तो विषय हातातसुद्धा घ्यायचा नाही. मान्यता आली की व्यवस्थापन परिषद विचार करून शिफारस करते आणि शिफारस अधिसभेपुढे जाते. तिथे साधं बहुमत चालत नाही. हजर सदस्यांपैकी दोन तृतीयांश हात वर झाले पाहिजेत, आणि ती संख्या अधिसभेच्या एकूण सदस्यांच्या निम्म्याहून कमी असता कामा नये. त्यानंतर त्या व्यक्तीची संमती, मानपत्राचा मसुदा, राज्यपालांच्या तारखा, झग्याचं माप, मांडवात कोण कुठे बसणार, हे सगळं कुलसचिवांच्या कार्यालयात ठरतं.

एखाद्याच्या नावापुढे आयुष्यभरासाठी काही जोडायचं तर अडथळे हवेतच, म्हणून चाळणी इतकी बारीक असण्याला माझी हरकत नाही. मला अडवून धरलं ते या कायद्यातल्या मानद पदवीच्या कलमातल्या एका शब्दाने. कोणत्याही परीक्षेला बसवल्याशिवाय ही पदवी ज्याला द्यायची, तो त्याचं उच्च पद, त्याचं कर्तृत्व आणि त्याची लोकसेवा यांमुळे योग्य असला पाहिजे, असं कायदा म्हणतो. तिन्हींत पहिला मान ‘पदा’ला आहे.

हा शब्द आला कुठून, ते शोधत मागे गेलं की थेट १८८४ साली पोचायला होतं. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास ही तिन्ही विद्यापीठं १८५७ ची. ती मुळात परीक्षा घेणारी विद्यापीठं होती. परीक्षेशिवाय पदवी देण्याची सोय त्यांच्या कायद्यात नव्हतीच. पुढे १८७५-७६ च्या हिवाळ्यात प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानात आले. त्यांना कलकत्ता विद्यापीठाकडून कायद्याचा मानद डॉक्टर करायचं ठरलं आणि तेवढ्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. या देशातल्या मानद पदवीची वाट अशी एका राजपुत्रासाठी उघडली. १८८४ च्या पहिल्या क्रमांकाच्या कायद्याने ती तिन्ही विद्यापीठांसाठी खुली केली आणि त्यात पात्रतेचे शब्द आले : उच्च पद आणि विद्वत्ता किंवा कर्तृत्व. १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने तेच शब्द उचलले आणि दोन तृतीयांशाची अट घट्ट केली. सरकारं बदलली, राज्यं बदलली, कायद्यांची नावं बदलली, महाराष्ट्राने त्यात लोकसेवेची भर घातली. पण ते ‘पद’ आपल्या जागेवरून हललं नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका साम्राज्याला आपल्या लाटसाहेबांचा मान राखायला जो शब्द लागत होता, तो आपण आजही जपून ठेवला आहे.

पण त्याच कलमातून चांगलंही घडलं. १९०४ मध्येच मुंबई विद्यापीठाने रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना एलएल.डी. दिली. भांडारकर हे याच विद्यापीठाच्या १८६२ सालच्या पहिल्या चार पदवीधरांपैकी एक, न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे यांच्या बरोबरीचे. पुढे दोन वर्षं ते तिथले कुलगुरूही होते. तरी त्यांच्या संस्कृत अभ्यासाला मानद डॉक्टरेट देणारं विद्यापीठ आधी जर्मनीतलं निघालं, ग्योटिंगेनचं, १८८५ मध्ये. आपल्याच पहिल्या विद्यार्थ्याला ओळखायला मुंबईला पुढची १९ वर्षं लागली. हे मी हिणवण्यासाठी सांगत नाही. घरच्या माणसाची उंची घरात राहून दिसत नाही, हा अनुभव आपल्या प्रत्येक घराला आहे. विद्यापीठही त्याला अपवाद नाही, एवढंच.

मुंबईच्या फोर्टात राजाबाई टॉवरच्या पायथ्याशी या विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आजही उभं आहे. आत जाऊन वर पाहिलं की बारा राशींची गोल रंगीत काचेची खिडकी दिसते. दुपारी तिचे रंग लाकडी बाकांवर उतरतात. १८७४ मध्ये हे सभागृह उघडलं. १८८४ मध्ये परीक्षेशिवाय पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठाला मिळाला. आणि ११ मे १८८८ ला याच शहरात, इथून फार लांब नसलेल्या मांडवीच्या कोळीवाड्यात, एक सभा भरली. तिथे ना झगे होते ना राशींची खिडकी. विठ्ठलराव कृष्णाजी वंडेकरांनी पुढाकार घेतला आणि जमलेल्या लोकांनी जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी दिली. तेव्हा विद्यापीठाकडे अधिकार होता, सभागृह होतं, चार वर्षांपूर्वीचा ताजा कायदाही होता. ओळख मात्र कोळीवाड्याकडे होती.

मराठी माणसाने अशा किती पदव्या दिल्या! महात्मा, लोकमान्य, महर्षी, कर्मवीर, क्रांतिसिंह. त्यांना ना कलम लागलं ना कुलपती. कुणीतरी एकदा म्हटलं, दहा जणांना पटलं, मग हजारांच्या तोंडी बसलं. या पदव्यांपुढे विद्यापीठाचं ‘डॉक्टर’ टिकत नाही, हे भाऊरावांच्या बाबतीत आपण पाहिलंच. धोंडो केशव कर्व्यांचंही तसंच. त्यांना बनारस हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्ये, पुणे विद्यापीठाने १९५१ मध्ये डी.लिट. दिली. १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठाची एलएल.डी. मिळाली. लोकांच्या तोंडी मात्र ते महर्षीच राहिले.

कर्व्यांच्या मुंबईच्या पदवीपाशी थोडं थांबायला हवं. १९१६ मध्ये त्यांनी स्त्रियांचं विद्यापीठ काढलं तेव्हा सरकारची सनद नव्हती. तिथल्या मुली ‘गृहीतागमा’ होत, ‘प्रदेयागमा’ होत. मराठीतून शिकून मिळवलेल्या त्या पदव्यांना बाहेरच्या जगात मान मिळवताना त्या मुलींना फार झगडावं लागलं. १९२० मध्ये विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले, संस्थेला त्यांच्या मातोश्रींचं नाव लागलं, तरी कायद्याची मान्यता यायला १९५१ उजाडलं. ज्या गृहस्थांच्या विद्यापीठाला मान्यता मिळायला ३५ वर्षं गेली, त्यांनाच १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठ आपली सर्वांत मोठी पदवी देत होतं. कर्वे तेव्हा ९९ वर्षांचे होते, त्या विद्यापीठापेक्षा एकच वर्षाने लहान. ते स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजचे, मुंबई विद्यापीठाचेच पदवीधर. १९५७ ची ती पदवी मला नुसता गौरव वाटत नाही. एका थोरल्या विद्यापीठाने उशिरा का होईना, पण आपल्या समारंभात, झगा घालून, सर्वांसमोर धाकट्याला दिलेली ती पावती होती.

आता बाबासाहेब. त्यांच्या नावाआधीचं ‘डॉ.’ हे कमावलेलं आहे, कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एससी. इंग्रजी कोशकार सॅम्युएल जॉन्सनला जग ‘डॉ. जॉन्सन’ म्हणतं ते त्याच्या मानद पदव्यांमुळे. बाबासाहेबांचं तसं नाही, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं. मानद पदवी त्यांना नंतर मिळाली, ५ जून १९५२ ला, कोलंबिया विद्यापीठाकडून एलएल.डी. वर्ष नीट पाहा. सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिलेला होता. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईत त्यांचा पराभव झालेला होता. ते राज्यसभेत होते, पण सत्तेच्या पायऱ्या उतरून आलेले होते. अशा वेळी, १९१३ मध्ये बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर आलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्याला, न्यूयॉर्कच्या त्या विद्यापीठाने बोलावून पदवी दिली. कायद्यातलं ‘पद’ बाजूला सरलं तरी ‘कर्तृत्व’ किती लख्ख उरतं, याचं याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही. पुढच्याच जानेवारीत, १९५३ मध्ये, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. दिली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता आणि औरंगाबादेत बाबासाहेबांनी काढलेलं कॉलेज नुकतंच पायावर उभं राहत होतं.

विद्यापीठाने माणसापर्यंत चालत जाण्याचीही उदाहरणं आहेत. ऑक्सफर्डची मानद पदवी घ्यायला ऑक्सफर्डला जावं लागतं, हा तिथला दंडक. पण १९४० मध्ये रवींद्रनाथ ठाकूर ७९ वर्षांचे, प्रकृतीने खचलेले, आणि जगात महायुद्ध पेटलेलं. तेव्हा ७ ऑगस्टला ऑक्सफर्डने आपली सभा शांतिनिकेतनात भरवली. सरन्यायाधीश मॉरिस ग्वायर आणि सर्वपल्ली राधाकृष्णन विद्यापीठाचे प्रतिनिधी म्हणून गेले. ऑक्सफर्डच्या रिवाजाप्रमाणे गौरवाचं भाषण लॅटिनमध्ये झालं. रवींद्रनाथांनी उत्तर दिलं ते संस्कृतमध्ये. लॅटिनला त्यांनी दिलेल्या त्या उत्तराचा मला विलक्षण अभिमान वाटतो. बरोबर वर्षभराने, त्याच तारखेला, ते गेले.

ऑक्सफर्डकडून घेण्यासारखी गोष्ट आणखी एक आहे, ती म्हणजे नाही म्हणण्याची रीत. १९५६ मध्ये हॅरी ट्रूमन यांना पदवी द्यायचं ठरलं, तेव्हा एलिझाबेथ अॅन्सकम या तत्त्वज्ञ बाई सभेत उभ्या राहिल्या. हिरोशिमा-नागासाकीवर बाँब टाकायचा हुकूम देणाऱ्याला आपण पदवी देऊ नये, असं त्यांनी सांगितलं. त्या हरल्या, ट्रूमनना पदवी मिळाली, पण त्यांचं म्हणणं नोंदलं गेलं आणि आजही वाचलं जातं. १९८५ मध्ये पंतप्रधानपदावर असलेल्या मार्गारेट थॅचर यांचं नाव आलं. त्या ऑक्सफर्डच्याच विद्यार्थिनी. शिक्षणावरच्या खर्चाला त्यांच्या सरकारने लावलेल्या कात्रीवरून अध्यापक चिडलेले होते. मतदान झालं : विरोधात ७३८, बाजूने ३१९. पदवी नाकारली गेली. तो निर्णय बरोबर होता की चूक, यावर तिथे अजून वाद होतो, आणि होऊ दे. सर्वोच्च पदावरच्या व्यक्तीचं नाव समोर असताना हजारावर माणसं येऊन मतं देतात, यातच त्या पदवीची किंमत आहे.

आपल्याकडे हे का घडत नाही? बातमीदारीच्या निमित्ताने मी अधिसभांच्या बैठकांना बसलो आहे. नाव वाचलं जातं, बाकं वाजतात, पुढचा विषय येतो. सदस्यांना दोष देऊन भागणार नाही. अधिसभेपर्यंत नाव पोचतं तेव्हा कुलपतींची मान्यता आधीच झालेली असते. मग विरोध करायचा म्हणजे राज्यपालांचा आणि त्या पाहुण्याचा, दोघांचाही जाहीर अवमान. कोण करणार? पूर्वमान्यतेमागचा हेतू मला समजतो, कुणा भल्या माणसाच्या नावाची उगाच चिरफाड होऊ नये. पण त्यामुळे कर्तृत्वावरची चर्चाच बंद झाली आहे. दोन तृतीयांशाची एवढी कडक अट कागदावर आहे आणि तिला मोजायला मतच उरलेलं नाही.

पदाची ओढ यामुळे वाढते. ऑक्टोबर २०२१ मध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठाने आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये औरंगाबादच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने शरद पवार आणि नितीन गडकरी या दोघांना मानद पदव्या दिल्या. दोघांच्या कामाची यादी लहान नाही, शेती आणि रस्ते या दोन विषयांवर कुणी प्रबंध लिहायला घेतला तर ही नावं टाळता येणार नाहीत. माझा मुद्दा त्यांच्याविषयीचा नाही. समोरच्या माणसाचं पद डोळे दिपवणारं असतं तेव्हा त्यातून कर्तृत्व वेगळं काढून दाखवण्याची जबाबदारी विद्यापीठावर दुप्पट येते. ते काम मानपत्रात दिसलं पाहिजे. मी वाचलेली बरीचशी मानपत्रं विशेषणांनी भरलेली आहेत.

दिलेली पदवी परत घेण्याची तरतूदही कायद्यात आहे, गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्यांसाठी. एडिंबरा विद्यापीठाने रॉबर्ट मुगाबे यांना १९८४ मध्ये दिलेली पदवी २००७ मध्ये काढून घेतली. आपल्याकडे त्या वाटेला फारसं कुणी जात नाही. घेणाऱ्यानेच नाही म्हणावं असं क्वचित घडतं. २०१७ मध्ये बंगळूर विद्यापीठाने राहुल द्रविडला मानद डॉक्टरेट देऊ केली, तेव्हा इंदुरात मराठी घरात जन्मलेल्या या खेळाडूने ती नम्रपणे नाकारली. खेळाच्या क्षेत्रात संशोधन करून पदवी मिळवायला आवडेल, असं त्याने कळवलं. आयुष्यभर एकेक धाव मोजून घेतलेल्या माणसाचं ते उत्तर आहे.

आणि मग ती दुसरी बाजारपेठ, जिच्यावर लिहिताना हात जड होतो. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानुसार पदवी देण्याचा हक्क फक्त कायद्याने स्थापन झालेल्या किंवा तसा दर्जा मिळालेल्या विद्यापीठांना आहे. हा नियम मोडला तर त्याच कायद्यात दंड आहे तो कमाल १,००० रुपयांचा. आज हजार रुपयांत झगाही शिवून मिळत नाही. या फटीतून परदेशी वाटणाऱ्या नावांच्या संस्था हॉटेलांचे हॉल घेऊन मानद डॉक्टरेट वाटतात.

गेल्या उन्हाळ्यात एका तालुक्याच्या गावी एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांच्या घरी गेलो होतो. गुरुजी म्हणूनच गाव त्यांना ओळखतं. ओसरीवर सोनेरी चौकटीत डॉक्टरेट लावलेली. शेजारी फोटो : अंगात लाल झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, मागे हॉटेलातल्या लग्नाच्या हॉलचे पडदे. नोंदणीचे म्हणून दोन महिन्यांचं निवृत्तिवेतन गेलं होतं, प्रवासखर्च वेगळा. झगा दारातच परत घेतला, म्हणाले. मग जरा वेळाने, चहाची कपबशी खाली ठेवत, हळू आवाजात विचारलं, “ते खरं असतंय ना हो, साहेब?”

मी काय सांगणार होतो? मी विचारलं, डॉक्टरेट कशासाठी दिली, गुरुजी? ते उठले, आतल्या खोलीतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली. तिच्यात ११ वह्या. २०० पानी, पुठ्ठ्याच्या, काहींच्या कडा वाळवीने खाल्लेल्या. नोकरीत बदली झाली त्या प्रत्येक गावात, शाळा सुटल्यावर, जात्यावर बसणाऱ्या बायकांकडून त्यांनी ओव्या उतरवून घेतल्या होत्या. प्रत्येक ओवीखाली सांगणारीचं नाव, सासर, माहेर, अंदाजे वय आणि तारीख. पहिल्या वहीतली पहिली तीस पानं त्यांच्या आईची होती. वाटणाऱ्या संस्थेने या वह्या मागितल्याही नव्हत्या.

परतल्यावर मी एका वयोवृद्ध प्राध्यापकांकडे गेलो. त्यांनी आपल्या विद्यापीठासाठी अनेक वर्षं मानपत्रं लिहिली आहेत. सरांना सगळी हकिगत सांगितली. ते विशेषणांकडे वळलेच नाहीत. किती गावं? किती बायका? सर्वांत जुनी तारीख कोणती? शब्द जसे उच्चारले तसे लिहिलेत की शाळेच्या मराठीत दुरुस्त केलेत? मला माहीत होतं ते सांगितलं, नव्हतं ते गुरुजींना फोन करून विचारलं. उच्चार तसेच ठेवले होते. सरांनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर पाच ओळी लिहिल्या, चौथीतला ‘थोर’ हा शब्द खोडला आणि पाकीट माझ्या हातात दिलं.

त्या ओळी मी टंकून घेतल्या, वह्यांच्या पाच पानांच्या झेरॉक्स जोडल्या, आणि गुरुजींचं गाव ज्या विद्यापीठाच्या हद्दीत येतं तिथल्या कुलगुरूंच्या नावे अर्ज केला. विषय : मानद पदवीसाठी नाव सुचवण्याबाबत. आवक खिडकीवरच्या बाईंनी विषय वाचला, एकदा माझ्याकडे पाहिलं, झेरॉक्स उलटून एक पान उभ्याउभ्याच वाचलं. “आमची आजी म्हणायची हे,” त्या म्हणाल्या. मग शाईच्या पॅडवर शिक्का दाबला आणि माझ्या प्रतीवर उमटवला. आवक क्रमांक घातला, तारीख घातली, खाली सही केली.